गांजा तोच, पुढची पायरी वेगळी: व्हिएतनाममधल्या सैनिकांचं प्रकरण

व्यसनमुक्तीच्या पालकसभेत एक प्रश्न न चुकता येतो. मागच्या वेळी तो एका आईने विचारला. मुलाच्या कपाटात सापडलेली पुडी तिने रुमालात गुंडाळून पर्समध्ये आणली होती. ती आम्हाला दाखवावी की नको, हे तिचं शेवटपर्यंत ठरत नव्हतं. "ताई, तो म्हणतो, फक्त गांजाच ओढतो. पण गांजावरूनच पुढे पावडरवर जातात ना हो?" मी तोंड उघडायच्या आत शेजारचे काका बोलले, "माझा तसाच गेला. आधी सिगरेट, मग गांजा, मग गर्द."

काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्या मुलाचा क्रम तोच होता. गर्दवर, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनवर, अडकलेल्या बहुतेक मुलांना विचारलं, तर ती हाच क्रम सांगतात. पण क्रम म्हणजे कारण नव्हे. हा फरक घाबरलेल्या आईला पाच मिनिटांत समजावून सांगता येत नाही. म्हणून एक जुनं प्रकरण इथे नीट मांडते. मला स्वतःला या प्रश्नाची उकल त्याच प्रकरणातून झाली.

काय घडलं

१९६९ साली व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे पाच लाखांहून अधिक सैनिक होते. बहुतेक जण विशी-बाविशीचे. नेमणूक साधारण एका वर्षाची, त्यामुळे घरी जायची तारीख प्रत्येकाला पाठ असायची. गांजा तिथे मुबलक आणि स्वस्त होता. सिगारेटीतली तंबाखू काढून तिच्यात गांजा भरायचा आणि पाकीट पुन्हा असं चिकटवायचं की वरून काही कळू नये, असा माल छावणीच्या दारात मिळायचा. १९६७ मध्ये परतणाऱ्या सैनिकांची पाहणी झाली, तेव्हा साधारण तिघांतल्या एकाने गांजा ओढल्याचं सांगितलं. दोन वर्षांनी हे प्रमाण वाढून दोघांतला एक असं झालं.

अमेरिकेत वर्तमानपत्रांनी हा विषय उचलून धरला आणि १९६८ पासून लष्कराने गांजाविरुद्ध मोहीम उघडली. धाडी, वास घेणारी कुत्री, रेडिओवरून इशारे, हजारो अटका. गांजा पकडणं सोपं असतं. तो जागा खातो आणि त्याचा वास बराकभर पसरतो.

१९७० मध्ये हेरॉइन आलं. लाओस, ब्रह्मदेश आणि थायलंडच्या सीमेवरच्या प्रयोगशाळांत पांढरी, जवळजवळ निर्भेळ पूड तयार होऊ लागली होती. प्लॅस्टिकच्या छोट्या कुपीत ती दोन-तीन डॉलरला मिळायची. शुद्धता नव्वद टक्क्यांच्या वर. त्या काळी अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या पुडीत दहा टक्के हेरॉइन असलं तरी पुष्कळ. राजधानी सायगावहून लाँग बिनच्या अमेरिकी तळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर शाळकरी वयाच्या मुली टपऱ्यांवर या कुप्या विकत असत. एवढ्या शुद्ध मालाला सुईची गरज नव्हती. सैनिक तो सिगारेटमध्ये घालून ओढत. धुराला वास नाही, कुपी बुटात मावते आणि पहाऱ्यावरचा सार्जंट दोन हातांवर उभा असला तरी त्याला ती साधी सिगारेट वाटते.

माझ्या मते इथे थोडं थांबायला हवं. हेरॉइनकडे जायला सुई टोचून घ्यावी लागते, अशी आपल्या मनातली प्रतिमा असते आणि ती सुई अनेकांना अडवते. व्हिएतनाममध्ये ही अडचणच उरली नव्हती. गांजा ओढणाऱ्याला फक्त दुसरी सिगारेट उचलायची होती.

१९७१ च्या वसंत ऋतूत अमेरिकी संसदेचे दोन सदस्य, रॉबर्ट स्टील आणि मॉर्गन मर्फी, पाहणी करून परतले आणि त्यांनी सांगितलं की तिथले १० ते १५ टक्के सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले आहेत. देशभर खळबळ उडाली. हेरॉइनचं व्यसन जन्मभराचं असतं, असं तेव्हा डॉक्टरही मानत. म्हणजे युद्धावरून हजारो व्यसनी, तेही बंदूक चालवायला शिकलेले, आपापल्या गावी उतरणार होते. १७ जून १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवलं आणि जेरोम जॅफी या मानसोपचारतज्ज्ञाकडे कामाची सूत्रं दिली. त्याच महिन्यात व्हिएतनाम सोडण्यापूर्वी प्रत्येक सैनिकाची लघवी तपासायला सुरुवात झाली. हेरॉइन सापडलं तर विमान चुकणार, आठवडाभर उपचार होणार, मगच घर.

तपासणी केव्हा होणार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. चार-पाच दिवस थांबू शकणारा सहज सुटायचा. तरीही सप्टेंबर १९७१ मध्ये परतणाऱ्यांपैकी दहातला एक पकडला गेला. समोर घरचं विमान उभं असतानाही न थांबणारे किंवा थांबू न शकणारे हे लोक होते. आमच्याकडची मुलं 'टर्की' म्हणतात, ती अंगदुखीची, नाक गळण्याची, झोप उडवणारी अवस्था त्यांनी कॅम रान बे किंवा लाँग बिनच्या लष्करी तळावर काढली.

ली रॉबिन्स यांनी काय विचारलं

या सैनिकांचं पुढे काय झालं, हे शोधायचं काम सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांच्याकडे आलं. सप्टेंबर १९७१ मध्ये परतलेल्या सुमारे साडेतेरा हजार सैनिकांमधून त्यांनी दोन गट निवडले. एक सरसकट चिठ्ठ्या टाकून काढलेला, दुसरा तपासणीत सापडलेल्यांतला. १९७२ मध्ये, म्हणजे परतून आठ-दहा महिने झाल्यावर, जवळपास ९०० जणांना देशभर शोधून काढून त्यांच्या मुलाखती घेतल्या. शेवटी लघवीचा नमुनाही मागितला आणि बहुतेकांनी तो दिला. लोक खरं सांगतील का, ही शंका त्यांना होती. म्हणून सांगितलेलं लष्करी नोंदींशी ताडून पाहिलं. ते बऱ्यापैकी जुळलं.

सरसकट गटातल्या सैनिकांनी व्हिएतनाममधल्या काळाबद्दल सांगितलं ते असं: ९२ टक्के दारू प्यायले होते, ६९ टक्के गांजा ओढले होते, ३८ टक्क्यांनी अफू आणि ३४ टक्क्यांनी हेरॉइन घेतलं होतं. पाचातला एक सरळ व्यसनी झाला होता, टर्कीची लक्षणं भोगलेला. सुमारे ८५ टक्क्यांना तिथे कुणी ना कुणी हेरॉइन देऊ केलं होतं, तेही अनेकदा पाय ठेवल्यापासून थोड्याच दिवसांत.

घरी आल्यावर मात्र चित्र पालटलं. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडले फक्त ५ टक्के. तीन वर्षांचा हिशेब धरला तरी १२ टक्के. गंमत अशी, की व्यसनी झालेल्यांतल्या निम्म्यांनी घरी आल्यावर एकदा तरी हेरॉइन घेऊन पाहिलं होतं. घेतलं आणि सोडलं. उपचार केंद्रात गेलेले फार थोडे. हे आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा अनेकांनी ते मान्य केले नाहीत. सरकारला सोयीचं तेच छापलं, असाही आरोप झाला. रॉबिन्स यांना वीस वर्षांनंतरही या निष्कर्षांची बाजू मांडावी लागली.

या अभ्यासाकडे सहसा 'हेरॉइन सुटतं का' या प्रश्नासाठी पाहतात. मला त्यात आमच्या त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर दिसतं.

गांजा पायरी होता का?

एक साधा हिशेब मांडू. व्हिएतनाममध्ये १०० सैनिकांतले ६९ गांजा ओढायचे आणि २० हेरॉइनचे व्यसनी झाले. व्यसनी झालेला प्रत्येक जण आधी गांजा ओढलेला होता, असं धरून चालू. मग गांजा ओढणाऱ्यांतला चौथा हिस्सा, किंबहुना थोडा अधिकच, हेरॉइनच्या व्यसनापर्यंत पोचला. आता त्याच काळातली अमेरिका बघा. मॅरिवाना, म्हणजे गांजा, यावर नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने १९७२ च्या अहवालात म्हटलं की २ कोटी ४० लाख अमेरिकनांनी एकदा तरी गांजा ओढला आहे. हेरॉइनच्या व्यसनींचा सरकारचा मोठ्यात मोठा अंदाज पाच-सहा लाखांचा होता. शंभरात दोन-तीन.

देश तोच, पिढी तीच, वनस्पतीही तीच. एका ठिकाणी चारातला एक, दुसऱ्या ठिकाणी चाळीसातला एक. गांजाच माणसाला पुढे ढकलत असता, तर हा फरक पडला नसता. आणि या सैनिकांनी गांजावरून हेरॉइनवर जाण्याची वाट एकदा चोखाळल्यावर परत येणं त्यांना जमलंच नसतं. ते तर विमानाने घरी उतरले आणि बहुतेक जण थांबले. थांबलेल्यांपैकी कितीतरी जणांनी गांजा सोडलेला नव्हता.

मग पुढे ढकललं कुणी? लोक याची तीन उत्तरं देतात आणि तिन्हींना मी सारखं वजन देत नाही.

पहिलं उत्तर युद्धाचं: मरणाच्या भीतीने पोरं नशेकडे वळली. ऐकताना हे पटतं, पण रॉबिन्स यांना तसं आढळलं नाही. प्रत्यक्ष लढाईत किती होते, किती धोका पत्करला, याचा हेरॉइन घेण्याशी फारसा संबंध निघाला नाही. सैनिक स्वतःच सांगत की बरं वाटायचं, दिवस सुसह्य व्हायचे. रिकामा वेळ, वरिष्ठांचा राग, कुठे संपणार हे माहीत नसलेलं युद्ध. आमच्याकडे कामधंद्याविना नाक्यावर उभ्या असलेल्या मुलांच्या तोंडी हेच शब्द असतात.

दुसरं उत्तर मोहिमेचं: गांजा दडपला म्हणून सैनिक बिनवासाच्या हेरॉइनकडे वळले. १९७१ मध्ये तिथे जाऊन आलेले मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन झिनबर्ग यांनी हे ठासून मांडलं. हेरॉइनसारखा जड माल सोडणार असतील तर मेकाँग नदीच्या डेल्टातला सगळा गांजा विकत घेऊन आपल्या जवानांना भेट द्यायची तयारी असलेला एक लष्करी अधिकारी त्यांना भेटला होता. हे उत्तर मला अर्धं पटतं. मोहीम १९६८ ची आणि हेरॉइनची लाट १९७० ची. मधल्या दोन वर्षांत गांजा कमी झाला नव्हता, उलट वाढत होता. नुसत्या धाडींमुळे हेरॉइन उगवत नाही, ते कुणीतरी तयार करून दारात आणून ठेवावं लागतं. पण ते दारात आल्यावर वास येणाऱ्या मालाला शिक्षा आणि बिनवासाच्या मालाला मोकळी वाट, हा फरक लष्करानेच घडवला होता, हे मी नाकारणार नाही.

तिसरं उत्तर सगळ्यात भक्कम आहे, ते पुरवठ्याचं. माल होता, शुद्ध होता, स्वस्त होता आणि गांजा विकणाऱ्या त्याच टपरीवर होता. घरी गेल्यावर तो महाग झाला, भेसळीचा झाला, सुईशिवाय परवडेनासा झाला. शिवाय तो आणायला अनोळखी वस्तीत जावं लागे.

एक तपशील मला अजून विचारात पाडतो. तिथे दारूचा क्रम उलटा झाला होता. हेरॉइन घेणारे सैनिक दारू कमी पीत आणि दारू पिणारे हेरॉइनपासून लांब राहत. परतल्यावर त्याच हेरॉइनवाल्यांची दारू पुन्हा वाढली. म्हणजे 'सौम्य ते जड' अशी वर चढणारी शिडीच नव्हती. जवळ असेल ते उचललं जात होतं.

दुसऱ्या बाजूचं काय

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग गांजा निर्धोक. तसं मी म्हणत नाही आणि हे प्रकरणही तसं सांगत नाही.

व्हिएतनाममध्ये हेरॉइन सगळ्यांनाच मिळत होतं, पण दोनतृतीयांश सैनिकांनी ते घेतलं नाही. घेणाऱ्यांमध्ये असे जास्त होते, ज्यांनी सैन्यात येण्याआधीच शाळा बुडवली होती, मारामाऱ्या केल्या होत्या, लहान वयात दारू आणि इतर पदार्थ चाखले होते. म्हणजे माणूसही महत्त्वाचा. काही मुलं कुठल्याही नशेला चटकन हात घालतात. त्यांच्या हाती आधी गांजा येतो, कारण तो आधी मिळतो.

पण हेही सगळं समजावून सांगत नाही. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात ३११ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडीतल्या एकाने सतराव्या वर्षाआधी गांजा ओढला होता, दुसऱ्याने नाही. घर एक, आईबाप एक, काही जोड्यांत रक्तही हुबेहूब एक. तरी लवकर सुरुवात करणाऱ्याच्या बाबतीत पुढे इतर पदार्थ घेण्याची शक्यता दोन ते पाच पटींनी जास्त निघाली. कोवळ्या मेंदूवर परिणाम होत असेल, किंवा लवकर ओढणारा लवकरच त्या मित्रांत आणि त्या विकणाऱ्यांत जाऊन बसत असेल. संशोधकांनी दोन्ही शक्यता उघड्या ठेवल्या. माझा कल दुसरीकडे आहे, कारण व्हिएतनामने मला तेच दाखवलं. पण पंधराव्या वर्षी गांजा ओढणाऱ्या मुलाकडे बघून मी स्वस्थ बसू शकत नाही आणि पालकांनाही बसू देत नाही.

गांजावरून हेरॉइनवर नेणाऱ्या या शिडीची कल्पना किती जुनी आहे, तेही सांगायला हवं. अमेरिकेच्या अमली पदार्थ खात्याचे प्रमुख हॅरी अ‍ॅन्सलिंगर यांना १९३७ मध्ये संसदेच्या समितीने विचारलं होतं की गांजा ओढणारा पुढे हेरॉइनकडे वळतो का. त्यांनी चक्क 'नाही' म्हणून सांगितलं. १९५१ मध्ये त्याच माणसाने त्याच संसदेला सांगितलं की तरुण हेरॉइन व्यसनींपैकी निम्म्याहून अधिकांची सुरुवात गांजाने झाली. दोन साक्षींमध्ये गांजा बदलला नव्हता. दुसऱ्या वेळी त्यांनी व्यसनींपासून मागे मोजलं होतं, आमच्या काकांसारखं.

नेदरलँड्सने मात्र गांजा ओढणाऱ्यापासून पुढे पाहिलं. १९७६ मध्ये त्यांनी अफूविषयक कायदा बदलून पदार्थांच्या दोन याद्या केल्या. एकीत हेरॉइनसारखे, दुसरीत गांजा-चरस. थोडा गांजा जवळ बाळगणाऱ्याच्या मागे लागायचं नाही, पण गांजा विकणाऱ्या कॉफी शॉपमध्ये जड पदार्थ सापडला तर ते दुकान बंद. हेतू स्पष्ट होता: गांजा घ्यायला गेलेल्या मुलाची हेरॉइनवाल्याशी गाठच पडू नये. पुढच्या दशकांत तिथल्या हेरॉइन घेणाऱ्यांचं सरासरी वय वाढत गेलं, नवी मुलं फारशी आली नाहीत. याचं सगळं श्रेय कॉफी शॉपला देता येणार नाही. मेथॅडोन या हेरॉइनऐवजी द्यायच्या औषधाचे उपचार होते आणि हेरॉइनची तरुणांमधली ओढही ओसरली होती. दुकानाच्या मागल्या दाराने येणाऱ्या गांजाचा धंदा बेकायदाच राहिला आणि गुन्हेगारांच्या टोळ्या त्यावर पोसल्या. त्याची किंमत तो देश अजून मोजतोय.

आणि आपल्याकडे? दिल्लीच्या एम्सने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वर्षं वयोगटात गांजा-चरस घेणारे सुमारे १.२ टक्के निघाले आणि हेरॉइन घेणारे १.१४ टक्के. सरकारमान्य दुकानात मिळणारी भांग यात धरलेली नाही. जवळजवळ सारखेच आकडे. शिडी म्हटली की वरच्या पायरीवर थोडे आणि खालच्या पायरीवर पुष्कळ लोक हवेत. इथे दोन्ही पायऱ्यांवर तेवढेच लोक उभे आहेत. माझ्या ओळखीतल्या गर्दवरच्या मुलांतही काही अशी आहेत, ज्यांनी गांजा कधी ओढलाच नाही. वस्तीत गर्दच आधी पोचलं होतं.

त्या आईला मी काय सांगितलं

सभा संपल्यावर तिला बाजूला बसवलं. गांजातून पुढे जातातच असं नाही, हे सांगितलं. ऐकून तिचा चेहरा सैल झाला, आणि तो फार सैल होऊ नये म्हणून लगेच पुढचं विचारलं. किती वर्षांचा आहे? सोळा. रोज की कधीमधी? बहुतेक रोज. शाळा? बारावीला नाव आहे, जात नाही. मग जो प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो विचारला: कुणाकडून आणतो? आणि तोच माणूस आणखी काय काय विकतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिला येत होतं, गल्लीच्या टोकाचा एक पोरगा. दुसऱ्याचा तिने विचारच केला नव्हता. पुडीचा रुमाल हातात घट्ट धरून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "गोळ्या पण ठेवतो म्हणे. पोरं बोलतात."

पुढच्या मंगळवारी मुलाला घेऊन या, असं मी तिला सांगितलं. तो आला. तासभर खाली मान घालून बसला आणि निघताना दारातून विचारून गेला, "परत कधी यायचं?"